लाईट आली की वाजणारं घड्याळ

तीर्थरूप अण्णांस,


परवा पहाटे चार वाजून पाच मिनिटांनी मी फोन केला. दिवस उजाडल्यावर तुम्ही विचारलंत, "काय काम होतं गं?" आणि मी म्हणाले, "काही नाही, सहज." पहाटे चारला सहज फोन करणारी मुलगी तुम्ही वाढवलेली नाही. दिवसभर तुमची कुरकूर चालली होती, हे आईनं संध्याकाळी सांगितलंच. खरं कारण सांगायचं तर घड्याळापासून सुरुवात करावी लागेल, आणि ते फोनवर मावायचं नाही. पत्र घरी पाठवलं तर तुम्ही ते आईकडून वाचून घेणार आणि तिला नको तेवढं ती गाळणार. माझ्या हॉस्टेलच्या पत्रांचं तेच झालं होतं. म्हणून हे छापायला दिलंय. छापलेलं मात्र तुम्ही चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून, स्वतः वाचता.

दिवाळीच्या सुट्टीत मी ओट्यावर पाट टाकून सोल्डरिंगची कांडी तापवत बसले होते. तुम्ही शेताकडून आलात, उभ्या उभ्याच बघितलंत. "काय करलालीस गं?"

"घड्याळ."

"घरात चार हैत की."

चार होती हे खरंच. पण भाच्याची दहावी, पहाटे साडेपाचला उठायचं म्हणायचा आणि मोबाइलचा गजर झोपेतच बंद करायचा. शिवाय मोबाइल उशाशी असला की रात्री बारापर्यंत तो त्यातच. म्हणून म्हटलं, गजरापुरतं यंत्र करू: आपली वेळ आपण इंटरनेटवरून जुळवून घेईल, सकाळी हवा कशी आहे तेही दाखवेल, आणि बंद करायला उठून दुसऱ्या खोलीत जावं लागेल.

त्यातली मुख्य वस्तू काडेपेटीएवढी. ईएसपी-8266 म्हणतात तिला. शांघायच्या एस्प्रेसिफ नावाच्या कंपनीनं 2014 च्या सुमाराला ही चिप बाजारात आणली. त्याआधी घरी केलेल्या यंत्राला वाय-फायशी बोलायला लावणं म्हणजे म्हशीपेक्षा दावं महाग, असला प्रकार होता. आता तीनेकशे रुपयांत वाय-फायसकट मेंदू मिळतो. जगभर माझ्यासारखी रिकामटेकडी माणसं त्याच्यावर काही ना काही करत बसलेली असतात. वेळ दाखवायला चार लाल आकड्यांची पट्टी, आवाजाला मेमरी कार्डावरची गाणी वाजवणारी एक छोटी पाटी आणि एक स्पीकर. सगळं मिळून हजार-बाराशे.

पहिल्यांदा ते मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलं. सुबक दिसत होतं, पण डब्याचं झाकण लावलं की वाय-फाय गायब. पत्रा रेडिओच्या लहरी अडवतो हे मला परीक्षेत लिहिता आलं असतं, डबा निवडताना मात्र आठवलं नाही. मग माळ्यावरचा आजोबांचा मर्फी रेडिओ काढला. आतली यंत्रणा केव्हाच गेलेली, सागवानी सांगाडा तेवढा शाबूत. त्यात हे बसवलं. आईला ते आवडलं नाही, तुम्ही मात्र काही बोलला नाहीत. फक्त सदऱ्याच्या बाहीनं वरची धूळ पुसलीत.

वेळ कुठून येते असं तुम्ही तेव्हा विचारलंत आणि मी "इंटरनेटवरून" म्हणून मोकळी झाले. ते उत्तर तुमच्या प्रश्नाच्या तोलाचं नव्हतं. आता सांगते.

या रेडिओवर बातम्यांच्या आधी पिप पिप वाजायचं आणि तुम्ही मनगटावरचं घड्याळ त्याला जुळवायचात. आता यंत्रं तेच करतात, फक्त विचारून. पण विचारण्यात एक अडचण असते. समजा, पोराला चावडीवरचं घड्याळ बघून ये म्हणून पाठवलं. ते पळत गेलं, सात वाजलेले बघितले, परत येऊन सांगितलं, "सात." तोवर सात होऊन गेलेले. मग पोरगं निघालं केव्हा आणि आलं केव्हा हे आपण घरी टिपायचं, तिथे ते केव्हा पोचलं आणि केव्हा निघालं हे चावडीवाल्यानं टिपायचं. तिथे थांबलेला वेळ वजा करायचा, राहिलेला वाटेचा वेळ निम्मा करायचा आणि सातात मिळवायचा. डेव्हिड मिल्स नावाच्या अमेरिकी प्राध्यापकानं 1985 मध्ये हा हिशोब यंत्रांसाठी मांडून दिला. आज जगातली बहुतेक यंत्रं त्याच रीतीनं आपली घड्याळं जुळवतात. या माणसाची नजर लहानपणापासूनच अधू होती आणि उतारवयात तर दिसेनासंच झालं. 2024 च्या जानेवारीत ते वारले.

आपल्या देशाची चावडी दिल्लीत आहे, राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत. तिथल्या अणुघड्याळांवरून भारताची प्रमाणवेळ चालते. ती वेळ धरलेली आहे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेची, साडेब्याऐंशी रेखांशाची. धाराशिव जवळजवळ 76 वर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य मिर्झापूरच्या डोक्यावर आल्यावर आपल्याकडे यायला त्याला आणखी सव्वीसेक मिनिटं लागतात. आपलं गाव धाराशिवच्या पूर्वेला, तेव्हा मिनिट-दोन मिनिटं कमी. म्हणजे घड्याळात बारा वाजतात तेव्हा आपल्या बांधावर अजून साडेअकराच वाजून गेलेले असतात. "घड्याळ पुढं पळतंय" असं आजोबा म्हणायचे ते अगदीच काही चूक नव्हतं. ते आभाळातलं तिकांडं, मृगातले ते तीन तारे, बघून वेळ सांगायचे. हिवाळ्यात तिकांडं मावळतीला झुकलं की बैलांना वैरण. तिकांड्याला ना लाईट लागायची ना रिचार्ज.

आता त्या रात्रीचं. तुम्ही ते गावभर सांगितलंच आहे, पण तुमच्या सांगण्यात कारण नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी रात्री लाईट गेली आणि एकच्या सुमाराला आली. आली तशी रेडिओच्या सांगाड्यातून घंटा सुरू झाली. मी उठून बाहेर येईपर्यंत तुम्ही अंथरुणावर बसला होतात. समोर लाल आकडे: पाच, तीस. तुमच्या तोंडावर तेव्हा जे उमटलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "साडेपाच? मी साडेपाचपर्यंत झोपलो?" मीही झोपेतच होते, आकडे दिसत होते, मलाही खरं वाटलं. तुम्ही बंब पेटवलात, बादली घेऊन गोठ्यात गेलात. म्हशीनं लाथ घातली तेव्हा आईनं खिडकीतून आभाळ बघून ओरडून सांगितलं, की अहो, मध्यरात्र आहे.

झालं होतं असं. यंत्रं वेळ मोजतात ती 1 जानेवारी 1970 पासून किती सेकंद झाले अशी. माझ्या घड्याळात तेव्हा सेल नव्हता. लाईट गेली की ते सगळं विसरायचं, आली की नव्यानं जन्मायचं. ते सेकंदात जागं व्हायचं, पण वाय-फायच्या डबीला जागं व्हायला दीड-दोन मिनिटं लागायची. तेवढा वेळ त्याला कुणी वेळ सांगणारं नाही. मग ते शून्यापासून सुरू व्हायचं. शून्य म्हणजे 1970 सालच्या पहिल्या दिवसाची मध्यरात्र, पण ती इंग्लंडातल्या ग्रिनिचची. आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास, म्हणून मीच त्यात 19800 सेकंद मिळवायला सांगितलेले. शून्यात साडेपाच तास मिळवले की पहाटेचे साडेपाच. आणि भाच्याचा गजर नेमका साडेपाचचा! दुसरी कुठलीही वेळ लावली असती तर हे कधी उघडकीला आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी धाराशिवहून एक नवा भाग आणला, वेळ लक्षात ठेवणारी चिप, तिला नाण्याएवढा सेल. लाईट असो नसो, ती मोजत राहते, वर्षाला फार तर मिनिटभर चुकते. शिवाय यंत्राला ताकीद दिली, की साल 2024 च्या मागचं दिसलं तर तोंड उघडायचं नाही. माझ्या लेखी प्रश्न मिटला. सगळ्यांना सांगितलं, आता लाईट आल्यावर वाजणार नाही.

तुम्ही चहाची बशी खाली ठेवून म्हणालात, "मग काय उपेग? लाईट आली की वाजतंय, तेवढंच तर कामाचं होतं त्याच्यात."

अण्णा, मी पुण्यात ज्या खोल्यांमध्ये बसते तिथे ग्राहकाला नक्की काय हवंय हे शोधायला भिंतभर कागद चिकटवतात. तुम्ही अर्ध्या कप चहात सांगितलंत.

रब्बीत तुमची झोप कशी असते हे मी लहानपणापासून बघितलंय. शेतीची लाईट पाळीनं. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी म्हणजे कागदावर वेळ ठरलेली, पण ती येणार तेव्हा येणार आणि मधे जाणार तेव्हा जाणार. हरभऱ्याला, ज्वारीला दारं धरायला जाणारा माणूस झोपत नाही, नुसता आडवा होतो. एक कान शेताकडे. बोरीच्या झाडापलीकडचा तो पिवळा बल्ब पेटला का, हे बघायला तासातासानं उठून ओट्यावर येणं. आठवड्यातून निम्म्या रात्री घराघरातला एक माणूस असा अर्धा जागा. शहरातल्यांना मी हे सांगते तेव्हा ते म्हणतात, "मग मोबाइलवरून मोटर चालू करा ना." तशी यंत्रं आहेत, आणि चांगली आहेत. पुण्याच्या संतोष ओस्तवालांनी आजोबांचे मोटरीसाठी होणारे हेलपाटे बघून त्यात आयुष्य घातलं. त्यांचं 'नॅनो गणेश' फोनवरून मोटर चालू-बंद करतं आणि तिथे वीज आहे का तेही कळवतं. आपल्या स्टार्टरला तर साधा ऑटो आहेच. तिन्ही फेज आले की मोटर आपोआप सुरू. वीज खातं ऑटो काढा म्हणतं, कारण लाईट आल्याबरोबर डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि डीपी जळतो. म्हणून आपल्या ऑटोला थोडी उसंत लावून ठेवलीय. पण मोटर सुरू होणं हा प्रश्न नव्हताच. मोटर सुरू झाली, पाणी पाटात आलं, पुढे? सारा भरला की दुसरा फोडायचा, तुषारचे पाइप हलवायचे, उंदरानं पाडलेलं बीळ बुजवायचं. ते फोन करत नाही. माणूस नसला तर पाणी एकाच साऱ्यात तुंबतं आणि हरभरा पिवळा पडतो.

तेव्हा घड्याळाला कळायला हवं होतं ते शेतावरचं, घरातलं नव्हे. गावठाणाची लाईट वेगळी, शेताची वेगळी. अंतर दीड किलोमीटर.

मी तीन सेन्सर काढले, आकृत्या काढल्या, फेज कसे मोजायचे यावर एक रात्र घालवली. आपल्या वायरमनदादांनी आकृतीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, ताई, मोटर फिरते म्हणजे तिन्ही फेज आहेत. तुमच्या डबीला मोटरीच्याच पुढं जोडा, मोटर सुरू तर डबी जिवंत, मोटर बंद तर डबी मेलेली, मोजायचं काय त्यात? ते खरंच इतकं सोपं होतं. नुसत्या एका फेजवर जोडली असती तर सिंगल फेज आल्यावरही ती ओरडली असती. जोडकाम त्यांनीच केलं. स्टार्टरच्या पेटीत 440 व्होल्ट असतात, तिथे माझ्यासारख्या पाच व्होल्टवाल्यांनी हात घालू नये. पेटीशेजारी प्लॅस्टिकच्या डब्यात दुसरी ईएसपी आणि सिमकार्डाचं वाय-फाय डोंगल. लाईट आली की दोघं जागी होतात, डोंगल टॉवर शोधतं, आणि दोनेक मिनिटांत निरोप सुटतो. दोन मिनिटांचा उशीर मला आधी खटकत होता. पण झुळूक आल्यासारखी येऊन लगेच जाणारी लाईट त्यातच गळून जाते, उगाच कुणी उठत नाही. हा गुण मी ठेवलेला नाही, आपोआप आला.

निरोप जातो कसा, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. शेतातली डबी थेट घरच्या घड्याळाशी बोलत नाही. मधे एक चावडी आहे, कुठल्या तरी शहरातल्या संगणकावर. शेतातली डबी चावडीवर सांगते, "लाईट आली." घड्याळानं चावडीला सांगून ठेवलेलं असतं, की शेताची काही खबर आली तर मला कळव. बस्स. या रीतीला एमक्यूटीटी म्हणतात. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर या दोघांनी ती 1999 मध्ये बसवली, ओसाड भागातून जाणाऱ्या तेलाच्या पाइपलाइनींसाठी, जिथे उपग्रहावरून बोलायचं आणि एकेका अक्षराला पैसे पडायचे. काटकसरीनं बोलणारी भाषा, म्हणून आपल्या डोंगलच्या रिचार्जलाही परवडते.

तिच्यात एक गंमत आहे. डबी चावडीवर पहिल्यांदा येते तेव्हाच आपलं मृत्युपत्र देऊन ठेवते. खरंच तसंच नाव आहे त्याला. "मी न सांगता गप्प झाले तर एवढं एवढं सगळ्यांना सांगा." मग ती अधूनमधून हुंकार देत राहते. हुंकार थांबला की चावडी ठरलेल्या वेळेच्या दीडपट वाट बघते, आणि तरी आवाज नाही आला तर मृत्युपत्र वाचून दाखवते. आपल्या डबीच्या मृत्युपत्रात दोनच शब्द आहेत: "लाईट गेली." मेलेली डबी ते स्वतः सांगू शकत नाही, म्हणून आधीच लिहून ठेवलेलं. हे मी जेवताना सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "जेवताना असलं बोलू नये."

आवाजाचं तुम्हाला ठाऊकच आहे. पहिल्या रात्री मी दादाच्या लग्नातल्या गोंधळाची संबळ लावली होती. रात्री दोनला संबळ कडाडली तेव्हा आई झोपेतच हात जोडून उठली, "आई राजा उदो उदो!" शेजारच्या तिन्ही घरांत दिवे लागले. मग तुम्हाला विचारलं, काय लावू? तुम्ही म्हणालात, हौदात पाणी पडतं तसं वाजू दे. दुसऱ्या दिवशी जाऊन ते रेकॉर्ड केलं. आधी पाइपाची कोरडी गुरगुर, मग हवेचे दोन फटकारे, मग धार. कार्डावर मात्र ते दुसऱ्या क्रमांकावर गेलं. ती पाटी नाव बघत नाही, कुठली फाईल आधी उतरवली ते बघते, त्यामुळे आणखी एक रात्र संबळच वाजली. त्याबद्दल शेजारच्या काकूंची माफी मी मागितली आहे.

बटणाचंही तसंच. मी हौसेनं स्पर्शानं चालणारं बटण लावलं होतं. माझ्या बोटाला चाललं, भाच्याच्या चाललं, तुमच्या बोटाला दाद देईना. भेगा पडलेली, राठ, कोरडी कातडी त्याला माणसाची वाटतच नव्हती. तुम्ही अंगठा दाबून धरलात, मग तळवा ठेवलात, मग माझ्याकडे बघून हसलात. मला त्या हसण्याची लाज वाटली. ही असली बटणं कुणाचे हात समोर ठेवून करतात, हा प्रश्न मी आता कामाच्या जागीही विचारते. बाजारातून दारावरच्या बेलचं पंधरा-वीस रुपयांचं बटण आणलं, ते बसवलं. एकदा दाबलं की गजर बंद. गजर नसताना दाबलं तर आकडे उजळतात, वेळ दिसते.

या बटणाबद्दल एक गोष्ट मी तुम्हाला सांगितलेली नाही. त्याआधी तुम्ही मला एक विचारलं होतंत, त्याचं उत्तर देते.

मी पुण्याला निघायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही रेडिओवर हात ठेवून विचारलंत, "हे भूकंपाला वाजेल का?"

मी तेव्हा "बघते" म्हणाले. खरं तर उत्तर माझ्याकडे तयार होतं, कित्येक वर्षांपासून.

मी नऊ वर्षांची होते. गणपती विसर्जनाची रात्र, मिरवणुकीनं दमून सगळे झोपलेले. 30 सप्टेंबर 1993, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. माळवदाचं घर, दगडमातीच्या भिंती, वर लाकडं आणि त्यावर वर्षानुवर्षं चढवत नेलेला पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात त्या मातीनं घर गार राहायचं. त्या रात्री किल्लारीपासून सास्तूरपर्यंत तीच माती माणसांच्या अंगावर आली. तुम्ही अंगणात बाजेवर होतात. तुम्ही मला काढलंत, दादाला काढलंत, आईला काढलंत. आजी निघाली नाही. नंतर इतक्या वर्षांत तुम्ही त्याबद्दल एकच वाक्य बोललात, तेही मला नव्हे, मामांना, आणि मी दाराआड होते: "मी जागा असतो तर."

तेव्हापासून तुम्ही पावणेचारनंतर झोपलेले मी पाहिले नाहीत. पुनर्वसनात काँक्रीटचं घर मिळालं, वर पांढरी माती नाही, तरी नाही. म्हणून त्या रात्री "मी साडेपाचपर्यंत झोपलो?" म्हणताना तुमचा चेहरा तसा झाला होता, हे मला म्हशीच्या लाथेच्या हशानंतर, फार उशिरा कळलं.

तर हिशोब असा. भूकंपाच्या दोन लाटा निघतात. एक चपळ, सेकंदाला सहाएक किलोमीटर जाणारी, ती फारसं पाडत नाही. दुसरी मागून येते, साडेतीनेक किलोमीटरच्या चालीनं, आणि पाडते ती. सावध करणारी यंत्रं पहिलीला ओळखून दुसरीच्या आधी ओरडतात. 2023 पासून आपल्याकडच्या अँड्रॉइड फोनांवरही अशी सोय आली आहे. हजारो फोन आपापला हादरा कळवतात आणि दूरच्या लोकांना काही सेकंद मिळतात. दूरच्यांना, अण्णा. भूकंप जिथून निघतो तिथे ती सोय नाही. आपलं गाव केंद्रापासून वीस किलोमीटर धरलं तरी दोन लाटांत अडीच सेकंदांचंही अंतर नाही. त्यात यंत्रानं ओळखायचं, निरोप जायचा, गजर वाजायचा, माणसानं उठायचं. आणि तुम्ही टक्क जागे असतात, दाराशी उभे असतात, तरी आजीच्या खोलीपर्यंत अंगणातून अकरा पावलं होती. मी मोजली होती, त्या घराचा पाया अजून दिसायचा तेव्हा.

माझं घड्याळ भूकंपाला वाजणार नाही. 1992 च्या पावसाळ्यापासून त्या भागात जमीन हलत होती, लोक सांगत होते, बाहेर निजत होते, मग पुन्हा आत निजायला लागले. कायमचं जागं राहणं कुणालाच जमत नाही. आई म्हणते ना, आपली तुळजापूरची देवीसुद्धा वर्षातून तीनदा निजते. सिंहासनावरून उतरवून मूर्ती पलंगावर ठेवतात, आणि तेवढे दिवस जग तिच्याशिवाय चालतंच. हे लिहिते आहे तेव्हाही शाकंभरी नवरात्राआधीची तिची निद्राच चालू आहे.

आता बटणाचं. घड्याळ तपासताना सोयीचं म्हणून मी ते चावडीशी जोडलं होतं. तुम्ही ते दाबलंत की पुण्यात माझ्याकडे एक ओळ उमटते: "बटण", आणि वेळ. काम झाल्यावर ते काढायचं राहिलं. पहिल्या आठवड्यात खरंच राहिलं. नंतर मी काढलं नाही. न विचारता कुणावर नजर ठेवणं वाईट, बापावर तर फारच, हे मला कळतं. कुठल्या कंपनीनं असं केलं असतं तर मी भांडले असते. पण रोज सकाळी ती यादी बघायची मला सवय लागली. लाईटच्या रात्री दीडला, अडीचला, गजर बंद केल्याच्या ओळी. आणि त्याशिवाय रोज, लाईट असो वा नसो, दिवसपाळी असो वा रात्रपाळी, तीन एकोणपन्नास, तीन एकावन्न, तीन पन्नास. बटण. गजर नसताना. तुम्ही उठून बसत होतात, आकडे उजळून बघत होतात आणि छप्पन्न व्हायची वाट बघत होतात. हे मी तुम्हाला विचारलं नाही. फक्त काही दिवसांनी मलाही त्या वेळेला जाग यायला लागली. फोन हातात घ्यायचा, ओळ आलेली बघायची, पुन्हा झोपायचं.

परवा तीन पन्नासला ओळ आली नाही. छप्पन्नला नाही. चारला नाही. घड्याळ चावडीवर हुंकार देत होतं. म्हणजे लाईट होती, वाय-फाय होतं, सगळं जागेवर होतं, फक्त बटण नव्हतं. मृत्युपत्राचं ते जेवतानाचं बोलणं आठवलं. चार वाजून पाच मिनिटांनी मला राहवलं नाही.

बराच वेळ रिंग वाजली. मग तुमचा आवाज, जड, चिकटलेला, लहानपणी मी कधीच न ऐकलेला. मी "अण्णा" म्हणाले. तुम्ही काही क्षण गप्प होतात. मग उशाशी ते एवढं मोठं घड्याळ लावलेलं असताना तुम्ही मलाच विचारलंत, "किती वाजलेत गं?"

तुमची,
लेक